अनोळखी माशाचे नाव



मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत माशावरचा निबंध कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. मी भाषाविज्ञानाची अध्यापक. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शालेय पाठ्यपुस्तकापलीकडे कधी गेला नाही. तरीही शब्द आणि वस्तू यांच्या नात्याविषयी वर्गात बोलायची वेळ आली की एका माशाची हकीकत मला हमखास आठवते. या पुस्तिकेत 'नाम' या शब्दजातीची व्याख्या तुम्ही वाचली आहे. कोणत्याही वस्तूला, व्यक्तीला अथवा तिच्या गुणधर्माला दिलेले नाव म्हणजे नाम, इतके आपण पाठ करतो आणि पुढे जातो. पण ते नाव दिले कोणी, कशावरून दिले, आणि ज्या वस्तूला अद्याप नावच नाही तिच्यासमोर माणूस उभा राहतो तेव्हा तो नेमके काय करतो, हे प्रश्न व्याख्येत मावत नाहीत. त्यांची उत्तरे शोधायची तर व्याकरणाच्या बाहेर पडावे लागते. आज आपण समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊ.

आधी एका क्रियापदाकडे पाहू. 'ओळखणे' हे क्रियापद संस्कृतातील 'उपलक्ष्' या धातूपासून आले आहे. लक्ष म्हणजे चिन्ह, खूण. जवळ जाऊन खुणा न्याहाळणे, त्या खुणांवरून वस्तू वेगळी काढणे, हा त्या शब्दाचा मूळ आशय. मराठीने या क्रियापदापासून 'ओळख' हे नाम घडवले आणि त्याला 'पटणे' हे दुसरे क्रियापद जोडले. हिशेब पटतो, मुद्दा पटतो, दोन माणसांचे एकमेकांशी पटते, आणि ओळखही पटते. समोर दिसणाऱ्या खुणा आणि मनात आधीपासून असलेले ज्ञान यांचा मेळ बसला, म्हणजे ओळख पटली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ओळख पटण्यासाठी दोन बाजू लागतात. खुणा नीट पाहणारा डोळा हवा आणि त्या खुणा ज्याच्याशी ताडून पाहायच्या ते ज्ञान हवे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसापाशी असतात असे मात्र नाही. पुढील हकीकतीचा सगळा भर याच मुद्द्यावर आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर ईस्ट लंडन नावाचे बंदर आहे. तेथील लहानशा वस्तुसंग्रहालयाचा कारभार १९३१ पासून मार्जोरी कोर्टने-लॅटिमर ही तरुणी पाहत होती. नेमणूक झाली तेव्हा तिचे वय २४ वर्षे होते. परिचारिकेचे शिक्षण घेण्याच्या तयारीत असतानाच तिला ही नोकरी मिळाली. तिच्यापाशी विज्ञानाची पदवी नव्हती. लहानपणापासून पक्षी, फुले, शंखशिंपले पाहण्याचा, गोळा करण्याचा आणि त्यांच्या नोंदी ठेवण्याचा छंद होता, हीच तिची पुंजी. बंदरावरच्या मच्छीमार जहाजांशी तिने स्नेह जोडला होता. जाळ्यात काही निराळे आले की तिला निरोप जाई, आणि ती जाऊन संग्रहालयासाठी नमुने निवडून आणी.

२२ डिसेंबर १९३८ रोजी असाच निरोप आला. हेंड्रिक गूसेन या कप्तानाचे 'नेरीन' नावाचे जहाज बंदरात लागले होते. नाताळ तोंडावर आला होता आणि संग्रहालयात एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा जुळवण्याचे काम चालू होते. जावे की जाऊ नये, अशा मनःस्थितीत ती होती. निदान खलाशांना सणाच्या शुभेच्छा तरी देऊन यावे, या विचाराने ती टॅक्सीने बंदरावर गेली. डेकवर माशांचा ढीग पडला होता. त्यात बहुतेक मुशी होत्या. त्या ढिगाखालून एक निळा पर बाहेर आलेला तिला दिसला. तिने वरचे मासे बाजूला सारायला सुरुवात केली.

खाली जो मासा होता तो सुमारे पाच फूट लांब होता. वजन ५७ किलोच्या आसपास. रंग निळसर, त्यावर पांढुरके ठिपके. खवले जाड आणि कठीण, चिलखतासारखे. त्याचे पर इतर माशांप्रमाणे थेट अंगातून फुटलेले नव्हते. आखूड मांसल देठांच्या टोकाला ते होते, जणू हातापायांची सुरुवात व्हावी तसे. शेपटीच्या मध्यभागी आणखी एक लहानसे शेपूट होते. जहाजावरच्या एका वयस्क खलाशालाही विचारून झाले. तीस वर्षे समुद्रात काढलेल्या त्या माणसाने असा मासा पूर्वी पाहिला नव्हता.

येथे थोडे थांबा आणि मार्जोरीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तिला मासा ओळखता आला नव्हता. मात्र जो ओळखीचा नाही तो कोणत्या खुणांमुळे ओळखीचा नाही, हे तिला अचूक सांगता येत होते. भाषेच्या अभ्यासात या क्षमतेला फार मोल आहे. एखादा शब्द आपल्याला ठाऊक नाही एवढेच म्हणणे वेगळे. तो कोणत्या प्रत्ययामुळे, कोणत्या उच्चारामुळे किंवा वाक्यातील कोणत्या स्थानामुळे आपल्याला खटकतो हे सांगता येणे वेगळे. पहिल्या विधानापाशी जिज्ञासा संपते आणि दुसऱ्यापासून अभ्यास सुरू होतो.

त्यानंतरचे तिचे दिवस धावपळीचे गेले. दुर्गंधी येणारा एवढा मोठा मासा गाडीत घ्यायला टॅक्सीवाला तयार नव्हता. तिने हुज्जत घालून तो घ्यायला लावला. डिसेंबर हा तेथील उन्हाळ्याचा महिना. मासा टिकवायचा तर थंड जागा हवी. परंतु गावातील शवागाराने नकार दिला आणि शीतगृहानेही. संग्रहालयाच्या अध्यक्षांच्या मते तो खडकाळ भागात मिळणारा एक सामान्य मासा होता. अखेर तिने तो प्राण्यांची कातडी भरून ठेवणाऱ्या एका कारागिराकडे सोपवला. आणि दुसऱ्या दिवशी, २३ डिसेंबरला, तिने एक पत्र लिहिले.

पत्र जे. एल. बी. स्मिथ यांना होते. ग्रॅहमस्टाउन येथील महाविद्यालयात ते रसायनशास्त्र शिकवत. मासे हा त्यांचा छंद होता, पण तो त्यांनी एवढ्या निष्ठेने जोपासला होता की त्या किनाऱ्यावरील माशांविषयी काही विचारायचे झाल्यास लोक त्यांच्याकडेच जात. मार्जोरीने पत्रात माशाचे वर्णन केले आणि सोबत हाताने काढलेले एक साधे रेखाचित्र जोडले. चित्र कलात्मक नव्हते. त्यात मांसल देठांवरचे पर होते, खवल्यांची रचना होती, आणि शेपटीतले ते जादा शेपूट होते. म्हणजे ज्या खुणा तिला खटकल्या होत्या, त्या सगळ्या चित्रात उतरल्या होत्या.

सुटीसाठी स्मिथ नाइस्ना येथे गेले असल्यामुळे पत्र त्यांच्या हाती पडायला ३ जानेवारी १९३९ उजाडला. चित्र पाहताच त्यांच्या मनात जे नाव आले ते उच्चारण्याचेही धाडस होईना. जीवाश्मांच्या ग्रंथांतून त्यांनी 'सीलकँथ' या मत्स्यगटाची चित्रे पाहिली होती. एकोणिसाव्या शतकात लुई अगासी या शास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतील 'पोकळ' आणि 'काटा' या अर्थांचे दोन शब्द जोडून हे नाव घडवले होते, कारण अशा एका जीवाश्मातील परांचे काटे पोकळ असल्याचे त्याला दिसले होते. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीपासून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीपर्यंतच्या खडकांत या गटाचे अवशेष मिळतात. त्यानंतरच्या खडकांत ते मिळत नाहीत. तेव्हा डायनोसॉरांबरोबर हे मासेही संपले, असे सर्वमान्य मत होते. आणि एका गावच्या संग्रहालयाची व्यवस्थापिका त्या माशाचे ताजे चित्र पाठवत होती.

सांगाडा आणि कल्ले जपून ठेवा, अशी तार स्मिथ यांनी त्याच दिवशी केली. तार पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. मासा कुजू लागल्याने आतील अवयव फेकून द्यावे लागले होते. काढलेली छायाचित्रेही बिघडली. उरली होती ती भरलेली कातडी आणि डोक्याचा भाग. १६ फेब्रुवारीला स्मिथ स्वतः ईस्ट लंडनला आले, त्यांनी मासा पाहिला, आणि त्यांची शंका फिटली. मार्च १९३९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी हा शोध जाहीर केला व माशाला नाव दिले: लॅटिमेरिया चलुम्नी.

आता त्या नावाचे आपल्या पद्धतीने पृथक्करण करू. प्राण्यांना दोन पदांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत कार्ल लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या १७५८ च्या ग्रंथापासून प्रमाण मानली जाते. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. 'लॅटिमेरिया' हे पद मार्जोरीच्या आडनावावरून घेतले आहे. 'चलुम्नी' हे पद चलुम्ना या नदीच्या नावाची लॅटिन षष्ठी विभक्ती आहे. त्या नदीच्या मुखासमोरच्या समुद्रात मासा सापडला होता. मराठीत सांगायचे तर 'चलुम्नाची लॅटिमेरिया'. लॅटिनमध्ये विशेष्य आधी आणि विशेषक नंतर. आपण विशेषक आधी ठेवतो. दोन शब्दांच्या या नावात पाहणारी व्यक्ती आणि सापडण्याची जागा ही दोन्ही नोंदली गेली. ओळख पटवणाऱ्या स्मिथ यांचे नाव त्यात नाही, कारण ते त्यांनी घातले नाही. पाहणाऱ्या डोळ्याचा मान त्यांनी पाहणाऱ्या डोळ्याला दिला.

ही हकीकत मला आवडते, कारण तिच्यातील दोन्ही मुख्य माणसे रूढ अर्थाने त्या विषयाची नव्हती. एकीपाशी पदवी नव्हती, दुसऱ्याची पदवी भलत्याच विषयाची होती. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, घरकाम सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करत आहात. संपर्कसत्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक वाक्य मी वारंवार ऐकते: "मॅडम, आम्ही बाहेरून करणारे, आम्हाला कुठले संशोधन जमणार?" वर्गात रोज बसणाऱ्यांच्या तुलनेत तुमच्यापाशी ग्रंथालय कमी आहे, वेळ कमी आहे, चर्चेला सोबती कमी आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु मासळीबाजार, शेताचा बांध, एसटीचे आगार, अंगणवाडी, कापडाचे दुकान येथे जे शब्द रोज कानांवर पडतात, त्यांच्यापासून वर्गात बसणारा विद्यार्थी पुष्कळ दूर असतो. ढीग तुमच्यासमोर आहे. निळा पर दिसला की वरचे मासे बाजूला सारायची तयारी तेवढी हवी.

या हकीकतीचा दुसरा भाग पहिल्याहून अधिक बोधक आहे. एका नमुन्याने स्मिथ यांचे समाधान होणे शक्य नव्हते. आतील अवयवांसह पूर्ण मासा हवा होता. त्यांनी इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांत पत्रक छापले, त्यावर माशाचे छायाचित्र दिले आणि १०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. ही पत्रके पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाटली गेली. चौदा वर्षे गेली. डिसेंबर १९५२ मध्ये मादागास्कर आणि आफ्रिका यांच्या दरम्यान असलेल्या कोमोरो बेटांपैकी अंजुआन बेटावर अहमदी अब्दल्ला या कोळ्याच्या गळाला तो मासा लागला. बाजारात तो कापला जाण्याच्या बेतात असताना एका शिक्षकाने पत्रकावरचे चित्र आणि समोरचा मासा यांचा मेळ घातला. एरिक हंट या व्यापारी जहाजाच्या कप्तानाने स्मिथ यांना तार केली. मासा पुन्हा सडून जाईल या धास्तीने स्मिथ यांनी थेट दक्षिण आफ्रिकेच्या पंतप्रधानांना, डी. एफ. मलान यांना, गळ घातली आणि लष्करी विमानाने ते कोमोरोला पोहोचले. या माशाला पाठीवरचा पहिला पर नव्हता. त्यामुळे ही निराळीच प्रजाती असावी असे मानून त्यांनी तिला मलान यांच्या नावावरून 'मलानिया' असे नाव दिले. पुढे कळले की तो पर दुखापतीने गेला होता आणि मासा पहिल्याच जातीचा होता. 'मलानिया' हे नाव रद्द ठरले. एका खुणेच्या अभावावरून नवे नाव घडवले, तर ते असे निराधार ठरू शकते. बोलींचा अभ्यास करतानाही एखाद्या माणसाच्या तोंडी एखादा ध्वनी आढळला नाही, म्हणून त्या बोलीत तो नाहीच असे म्हणू नये. त्या माणसाचा दात पडलेला असू शकतो.

परंतु कोमोरोमध्ये सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच उघड झाली. जगाच्या दृष्टीने जो मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झाला होता, त्याला तेथील कोळ्यांच्या भाषेत नाव होते: 'गोंबेसा'. खोल पाण्यात, रात्रीच्या वेळी, दुसऱ्या माशासाठी सोडलेल्या गळाला तो अधूनमधून लागे. मांस तेलकट, खाल्ल्यास पोट बिघडवणारे. त्यामुळे त्याला भाव नव्हता. त्याचे खरखरीत खवले सायकलची ट्यूब पंक्चर काढण्याआधी घासायला कामी येत, असेही सांगतात. म्हणजे एकीकडे विद्वानांपाशी नाव होते, 'सीलकँथ', पण जिवंत मासा नव्हता. दुसरीकडे कोळ्यांपाशी मासाही होता आणि नावही होते, पण त्या माशाचे कुळ किती प्राचीन आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. दोन शब्द एकाच वस्तूविषयी होते आणि त्यांची गाठ पडायला १९५२ साल यावे लागले.

असेच पुन्हा एकदा घडले. सप्टेंबर १९९७ मध्ये इंडोनेशियातील मानादो शहराच्या बाजारात मार्क एर्डमन या जीवशास्त्रज्ञाला व त्याच्या पत्नीला हातगाडीवर सीलकँथ दिसला. कोमोरोपासून हे ठिकाण सुमारे दहा हजार किलोमीटर दूर. त्यांनी छायाचित्र घेतले, पण मासा विकला गेला. एर्डमन यांनी आसपासच्या कोळ्यांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली आणि जुलै १९९८ मध्ये दुसरा मासा हाती आला. तेथेही तो नावाने ओळखला जात होता: 'राजा लाउट'. लाउट म्हणजे समुद्र. पहिला शब्द तुम्हाला सांगायला नको. संस्कृतातून समुद्रापार गेलेला आपला 'राजा' तेथे एका माशाच्या नावात बसला आहे. आपण 'सागरराज' म्हणू, ते 'राजा सागर' या क्रमाने म्हणतात; विशेष्य आधी ठेवण्याची त्यांच्या भाषेची रीत आहे. हा मासा निळा नसून तपकिरी होता. जनुकीय तपासणीनंतर तो वेगळ्या जातीचा ठरला व १९९९ मध्ये त्याला 'लॅटिमेरिया मेनाडोएन्सिस' हे नाव मिळाले. यातील 'एन्सिस' हा लॅटिन प्रत्यय त्या ठिकाणचा रहिवासी असा अर्थ देतो. आपल्याकडे हेच काम 'कर' हा प्रत्यय करतो. तेव्हा या माशाला आपण खुशाल 'मानादोकर' म्हणावे.

स्थानिक नावाकडे कान देणारे शास्त्रज्ञ पूर्वीही होऊन गेले. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवर १८२२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी अनेक माशांची शास्त्रीय नावे त्या भागातील लोकांच्या तोंडच्या नावांवरून घडवली. रोहू माशाच्या शास्त्रीय नावातील 'रोहिता', कटला माशाचे 'कतला', बंगाल्यांच्या लाडक्या हिलसाच्या नावातील 'इलिशा' ही पदे त्यांच्या ग्रंथातून आली आहेत. ती लॅटिनचा वेश घेऊन जगभरच्या ग्रंथांत वावरतात, पण मूळची आपल्या नदीकाठची आहेत.

माझ्या प्रबंधाच्या निमित्ताने मी कोकण किनाऱ्यावरील मासेमारीचे शब्द गोळा करत होते, तेव्हाचा एक अनुभव येथे सांगते. दापोली तालुक्यातील हर्णे बंदरावर संध्याकाळी वाळूतच मासळीचा लिलाव भरतो. होड्यांतून टोपल्या उतरतात, बोली लागतात, आणि तासाभरात सगळे आवरलेही जाते. एका संध्याकाळी एक मुलगा हातभर लांबीचा काळपट मासा घेऊन आला. त्याच्या डोक्यावर चपलेच्या तळव्यासारखी लांबट चकती होती आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या होत्या. चारपाच जणांनी पाहिला. कोणी हसले, कोणी फेकून दे म्हणाले. मी वही उघडून नाव विचारू लागले. साठीपुढच्या एका कोळीणबाईंनी मासा हातात घेतला. मी त्यांना मावशी म्हणत असे. त्यांनी प्रथम मासा उलटासुलटा करून त्याची पाठ कोणती आणि पोट कोणते हे ठरवले. मग जबडा उघडून पाहिला, कल्ल्याखाली बोट घातले, आणि शेवटी ती चकती ओल्या फळीवर दाबली. मासा अजून जिवंत होता. तो फळीला चिकटून राहिला.

"मावशी, नाव काय याचे?" मी विचारले.

"नाव नाय म्हायत गो बाय," त्या म्हणाल्या, "पन ह्याचा धंदा म्हायत हाय. ह्यो मुशीच्या अंगाला डकवून फिरतो. मुशी गेली सुटून, ह्यो ऱ्हायला जाल्यात."

पुढे पुस्तकात पाहिले तेव्हा मावशींचे म्हणणे शब्दशः खरे असल्याचे आढळले. ती चकती म्हणजे पाठीवरच्या पहिल्या पराचे रूपांतर असते आणि तिच्या साहाय्याने हा मासा मुशीसारख्या मोठ्या माशांना चिकटून प्रवास करतो. माझ्या वहीत नावाचा रकाना त्या दिवशी कोरा राहिला. पण त्या दिवसापासून मी वहीत एक नवा रकाना आखला, 'धंदा' या शीर्षकाचा. वस्तू काय करते, कोठे असते, कोणाबरोबर असते, माणसे तिचे काय करतात, हे सगळे मी त्या रकान्यात लिहू लागले.

त्या रकान्याचे महत्त्व मला वर्षांनुवर्षे अधिक जाणवत गेले आहे. मार्जोरीच्या माशाची कातडी टिकली आणि आतील अवयव गेले, हे तुम्ही वाचले. शब्दांचे हुबेहूब तसेच होते. कोशात शब्द राहतो, त्यापुढे 'एक प्रकारचा मासा', 'एक प्रकारचे गवत', 'शेतीचे एक अवजार' एवढा अर्थ राहतो. ही झाली भरलेली कातडी. तो मासा कोणत्या वाऱ्यात किनाऱ्याजवळ येतो, ते गवत कोणते गुरू तोंडात धरत नाही, ते अवजार कोणत्या मातीत चालत नाही, हा शब्दाचा आतला भाग तो वापरणाऱ्या माणसांबरोबर जातो. बोंबील, मांदेली, सुरमई, रावस, घोळ ही नावे बाजारामुळे टिकतील. अंग फुगवणाऱ्या विषारी केंड माशाचे नाव कोळ्याला त्याचा उपद्रव होतो म्हणून टिकेल. पण ज्यांना भाव नाही आणि ज्यांचा त्रासही नाही, अशा असंख्य लहान जिवांची नावे विचारणारा कोणी उरला नाही, तर ती एका पिढीत जातील. तार उशिरा पोहोचेल.

'जिवंत जीवाश्म' हा चार्ल्स डार्विनने १८५९ च्या ग्रंथात वापरलेला शब्दप्रयोग सीलकँथला नेहमी लावला जातो. आजचे शास्त्रज्ञ तो जपून वापरतात, कारण आजचा सीलकँथ खडकातल्या सीलकँथची हुबेहूब प्रत नाही. तोही बदलत आलेला आहे. १९८७ मध्ये हान्स फ्रिके यांनी लहान पाणबुडीतून कोमोरोच्या समुद्रात या माशांचे पहिल्यांदा चित्रीकरण केले. त्या हातापायांसारख्या परांवर हा मासा समुद्रतळावर चालत असावा, अशी अनेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात तो पोहतानाच दिसला, पर मात्र आळीपाळीने हलवत होता. जुन्या शब्दांकडे पाहतानाही ही सावधगिरी बाळगा. आजीच्या तोंडचा शब्द हा ज्ञानेश्वरांच्या काळातून जसाच्या तसा गोठून आलेला नमुना नसतो. तो आजच्या वापरात पोहत असतो. त्याला काचेच्या पेटीत ठेवण्याआधी तो पोहतो कसा, हे पाहून घ्यावे.

आता तुमच्यासाठी एक काम. या घटकाचा स्वाध्याय लिहिण्यापूर्वी एक साधी वही घ्या आणि तिच्या पानावर पाच रकाने आखा: शब्द, सांगणारी व्यक्ती आणि तिचे गाव, कोणत्या प्रसंगी शब्द आला, वस्तूच्या खुणा, आणि शेवटी 'धंदा'. तुमच्या कामाच्या किंवा राहण्याच्या जागेतील असे दहा शब्द नोंदवा जे प्रमाण मराठीच्या पुस्तकांत तुम्हाला आढळलेले नाहीत. शक्य असेल तेथे चित्र काढा. चित्र चांगले नसले तरी चालेल, खुणा बरोबर हव्यात. ज्येष्ठांना विचारताना घाई करू नका. त्यांनी नाव सांगितले नाही तर धंदा विचारा. आणि एखादा शब्द काही केल्या उलगडत नसेल, तर सोडून देऊ नका. तुमच्या अभ्यासकेंद्राच्या मार्गदर्शकांना, जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांना किंवा त्या व्यवसायातील जाणत्या माणसाला सविस्तर पत्र लिहा. पत्रात 'मला हे कळत नाही' एवढेच लिहून थांबू नका; काय काय दिसते ते क्रमाने लिहा.

तुमच्या वह्या मूल्यमापनासाठी येतील तेव्हा गुण देण्यापूर्वी मी सगळ्यांत आधी पाचवा रकाना वाचेन.